सुशिक्षितांचे सोवळे

आमच्या शहरातील मराठी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे गेल्या पंधरवड्यात एक साधा प्रस्ताव आला होता. हिवाळी व्याख्यानमालेच्या सहा व्याख्यानांपैकी एक १ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक एड्स दिनाच्या सुमारास ठेवावे आणि त्यासाठी एच.आय.व्ही. ह्या विषयावर बोलणाऱ्या एखाद्या जाणत्या डॉक्टरांस पाचारण करावे, एवढाच तो प्रस्ताव. मांडणारा मीच. तो अकरा विरुद्ध दोन मतांनी फेटाळला गेला. पराभवाचे मला विशेष वाटले नाही. मंडळांच्या बैठकांत ज्याची अर्धी हयात गेली, त्याला पराभवाची सवय असते. वाईट वाटले ते फेटाळणीसाठी दिलेल्या कारणांचे. ही कारणे काही एका मंडळाची नव्हेत. बदलीच्या हुकमासरशी बिऱ्हाड उचलून देशभर विखुरलेल्या आपल्या सगळ्या सुशिक्षित, नोकरदार मराठी समाजाची ती कारणे आहेत. म्हणूनच ती ह्या पृष्ठांवर आणून त्यांचा समाचार घेण्याचे मी योजिले आहे. मंडळाचे नाव घेत नाही. ज्याला टोपी बसेल त्याने ती खुशाल घालावी.

कारणे तीन होती. हा विषय कौटुंबिक व्यासपीठास शोभत नाही, हे पहिले. हा आपल्या लोकांचा विषय नव्हे, हे दुसरे. आणि ह्याविषयी आता सर्वांस सर्व ठाऊक आहे. भिंती रंगवून झाल्या, पत्रके वाटून झाली, मग पुन्हा तेच दळण कशाला, हे तिसरे. तिन्हींत हे तिसरे कारण सर्वांत शहाणपणाचे दिसते, म्हणून आरंभ त्यापासूनच करतो.

सर्वांस सर्व ठाऊक आहे म्हणता? मग मी त्या बैठकीत विचारलेले प्रश्न येथेही विचारतो. नियमित औषध घेणाऱ्या ज्या माणसाच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण तपासणीत सापडू नये इतके खाली गेले आहे व तसेच टिकून आहे, त्याच्यापासून त्याच्या पत्नीस शरीरसंबंधातून लागण होते काय? होत नाही. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या संशोधनात, ज्यात आपल्या पुण्याची आणि चेन्नईचीही जोडपी होती, लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ साली दिसून आले. त्यानंतरच्या अभ्यासांनी उरलासुरला संशयही दूर केला. बाधित मातेचे मूल बाधितच जन्मते काय? नाही. काहीच उपाय केला नाही तर शंभरांतील पंधरा ते पंचेचाळीस मुलांना लागण होण्याचा धोका असतो. वेळेवर औषध मिळाले तर तो पाच टक्क्यांच्याही खाली आणता येतो. ह्या औषधाला किती पैसे पडतात? सरकारी केंद्रात एक पैसाही नाही. १ एप्रिल २००४ पासून ते विनामूल्य मिळू लागले, आणि २०१७ पासून तर निदान होताच प्रत्येकास ते देण्याचे धोरण आहे. असे औषध वेळच्या वेळी घेणारा माणूस आज नोकरी करतो, संसार करतो, म्हातारा होतो.

कार्यकारिणीच्या तेरा सभासदांत दोन निवृत्त सचिव, एक मुख्य अभियंता, एक प्राध्यापक आणि एक बँकेचे महाव्यवस्थापक आहेत. ह्या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर कोणाला धडपणे देता आले नाही. आपल्याला ‘सर्व ठाऊक’ आहे ते तीस वर्षांपूर्वीचे. तेव्हाच्या भित्तिपत्रकांवरील कवटी आपल्या ध्यानात राहिली; त्यानंतर वैद्यकशास्त्राने काय केले हे पाहण्याची तसदी आपण घेतली नाही.

परंतु हा मुद्दा एवढ्यावर सोडणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. माहिती दिली की माणूस सुधारतो, असे जर मी म्हणालो तर ते खोटे ठरेल. आणि ते खोटे आहे ह्याचा पुरावा मी स्वतः आहे. जी गोष्ट आजवर घरातही कोणास सांगितली नाही, ती येथे सांगतो.

२००९ सालची हकीकत. उत्तरेकडील एका शहरात, एका कचेरीत मी एका शाखेचा प्रमुख होतो. माझ्या हाताखाली एक कारकून होता. अक्षर मोत्यासारखे, कामात चोख, बोलणे बेताचे. तो महिनाभर आजारी रजेवर गेला. परतल्यावर त्याने रुग्णालयाच्या खर्चाचे बिल सादर केले. बिलाला रुग्णालयातून सुटतानाचा कागद जोडलेला होता आणि त्यावर क्षयाबरोबर ह्या विषाणूचेही नाव स्वच्छ लिहिलेले होते. तो कागद मी वाचला. लखोट्यात घालून, मोहोर करून, वर ‘गोपनीय’ लिहून पुढे पाठविण्यास मला दोन मिनिटे पुरली असती. मी तसे केले नाही. नेहमीच्या फायलीस तो कागद नेहमीसारखा टाचला, वर नेहमीचा शेरा मारला, आणि फाईल तीन शाखांकडे रवाना केली. ह्यात माझा दुष्ट हेतू होता काय? तसूभरही नव्हता. मी केवळ रोजच्यासारखे काम केले.

आठ दिवसांत सगळ्या कचेरीला कळले. कोणी त्याला वावगा शब्द बोलला नाही. आपण सुशिक्षित आहोत, आपण बोलत नाही. फक्त त्याच्या टेबलाजवळची खुर्ची दुसरीकडे गेली. चहावाल्या पोऱ्याने त्याला काचेच्या पेल्याऐवजी कागदाच्या पेल्यात चहा देण्यास सुरुवात केली. त्या पोऱ्याला ते कोणी सांगितले, ह्याची चौकशी मी केली नाही. डबा खाण्याच्या वेळी तो जिन्याजवळच्या खिडकीपाशी एकटा उभा राहू लागला. चार महिन्यांनी त्याने दूरच्या एका लहान गावी बदली मागितली आणि मी ती तत्परतेने मंजूर करविली. निरोप घेण्यास तो माझ्या खोलीत आला. त्याने हात पुढे केला. मी तो हातात घेतला. आणि तो दाराबाहेर पडताच मी उठून, साबण लावून हात धुतले.

वाचकहो, मला ठाऊक होते. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, खोकल्याने, डास चावल्याने हा विषाणू जात नाही. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, एकमेकांनी वापरलेल्या सुया आणि आईकडून मुलाला, एवढेच त्याचे मार्ग आहेत, हे मला तेव्हाही पाठ होते. आमच्याच कचेरीत त्यावर एक शिबिर झाले होते आणि समारोपाचे भाषण मी केले होते. तरीही मी हात धुतले.

पुढे दोन वर्षांनी त्याच्या पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद माझ्यासमोर आले. मरणाचे कारण क्षय असे लिहिले होते. नव्या गावी त्याने औषध सोडून दिले होते. ते जिथे मिळे त्या सरकारी रुग्णालयात कचेरीतल्या कोणाचे ना कोणाचे येणे-जाणे असे, आणि पुन्हा एकदा कोणी पाहील ह्या धास्तीने तो तिकडे फिरकला नाही, असे मला मागाहून त्याच्या एका सहकाऱ्याकडून समजले. औषध होते, फुकट होते, हाकेच्या अंतरावर होते. त्याच्या आणि औषधाच्या मध्ये उभे होतो ते आपण. मृत्यूच्या दाखल्यावर क्षयाचे नाव आहे. माझ्या त्या शेऱ्याचे नाही.

म्हणून तिसऱ्या आक्षेपाला माझे उत्तर असे : ‘सर्वांस ठाऊक आहे’ हे खरे नाही, आणि जे ठाऊक आहे तेही आपल्या आचरणात उतरलेले नाही. माहिती डोक्यात राहिली आणि सोवळे हातात राहिले. आपल्या पणज्या परकरातल्या पोरीला ‘शिवू नकोस’ म्हणत, तेव्हा निदान त्या स्वच्छ शब्दांत म्हणत. आपण ते खुर्ची सरकवून, पेला बदलून आणि बदली मंजूर करून म्हणतो. हे नवे सोवळे जुन्यापेक्षा अधिक कठोर आहे, कारण त्याच्याविरुद्ध तक्रार करण्यास शब्दच सापडत नाहीत.

आता दुसरा आक्षेप. हा आपल्या लोकांचा विषय नव्हे. मग कोणाचा? हा विषाणू भारतात आहे हे प्रथम कोठे व कोणी दाखविले, ते आधी ऐका. १९८६ साली मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला ह्यांनी. असला रोग आपल्या देशात यावयाचाच नाही, तो परदेशातील स्वैराचाऱ्यांचा रोग, असे मोठमोठे लोक म्हणत असताना ह्या दोघींनी शहरातील वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, ते वेल्लोरला तपासले आणि नको असलेले सत्य देशापुढे ठेवले. ह्या सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत व्यापारानिमित्त स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातली ती मुलगी. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीच महाराष्ट्राबाहेर वाढलेली, आपल्यांतलीच एक. रुग्णांना रुग्णालये दारात उभी करीत नव्हती त्या काळात, १९९३ साली, त्यांनी माहेरचे गायतोंडे नाव देऊन चेन्नईत एक केंद्र उघडले आणि २०१५ साली देह ठेवीपर्यंत त्या ह्याच कामात राहिल्या. २०१७ साली त्यांस मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. परप्रांतात नाव काढलेल्या मराठी माणसांच्या याद्या आपण दर स्मरणिकेत छापतो. त्या यादीत हे नाव मी आजवर पाहिलेले नाही. हा विषय आपला नाही, म्हणून बाईही आपल्या नाहीत काय?

आणि बाधितांचे म्हणाल, तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२३ च्या अंदाजाप्रमाणे देशात २५ लाखांहून अधिक माणसे ह्या विषाणूसह जगत आहेत, आणि राज्यवार संख्येत पहिला क्रमांक आपल्या महाराष्ट्राचा आहे. ही माणसे सगळी झोपडीत राहतात, ट्रक चालवितात आणि निरक्षर आहेत, अशी समजूत करून घेणे सोयीचे आहे. विषाणू मात्र वेतनश्रेणी पाहून आत शिरत नाही. कुटुंब गावी ठेवून वर्षानुवर्षे एकट्याने नोकरी करणारे अधिकारी आपल्यांत नाहीत काय? त्यांचे सगळे दिवस पोथी वाचण्यातच जातात अशी आपली खात्री आहे काय? मी कोणावर आरोप करीत नाही. एवढेच म्हणतो की, जो समाज ‘हे आपल्यात नाही’ असे ठरवून टाकतो, त्या समाजातील माणूस तपासणीस जात नाही. आणि जो तपासणीस जात नाही त्याची पत्नी ह्या निष्काळजीपणाची किंमत मोजते.

राहिला पहिला आक्षेप, शोभण्या-न शोभण्याचा. कोणाला आठवते की नाही कोण जाणे, पण ह्याच मराठी भाषेत रघुनाथ धोंडो कर्वे नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे मासिक चालविले. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीपुरुषसंबंध ह्यांविषयी ते उघड, शास्त्रीय आणि कोरड्या भाषेत लिहीत. शोभत नाही म्हणून त्यांच्यावर खटले भरण्यात आले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला. आज कर्व्यांवर व्याख्याने होतात, नाटके होतात, आणि आपल्या मंडळांत ती टाळ्यांच्या गजरात होतात. म्हणजे कर्वे चालतात. कर्व्यांचा विषय चालत नाही. तीच गोष्ट आनंदवनाची. बाबा आमट्यांनी महारोग्यांसाठी जे केले ते सांगताना आपला ऊर भरून येतो, दरसाल आपण देणगीही पाठवितो. वरोरा दूर आहे, म्हणून ते शोभते. जिन्याजवळच्या खिडकीपाशी एकटा उभा राहून डबा खाणारा कारकून फार जवळ असतो.

ह्या शोभेच्या मागे खरे दडलेले असते ते निराळेच. हा रोग म्हणजे पापाचे फळ, असे आपण मनोमन मानतो. उघड म्हणत नाही इतकेच. म्हणून तर सहानुभूती दाखवितानासुद्धा आपण आधी निवड करतो. नवऱ्याकडून लागण झालेली पत्नी ‘निरपराध’, रक्तातून लागण झालेला मुलगा ‘निरपराध’. ह्या शब्दाने आपण बाकीच्या सर्वांस नकळत अपराधी ठरवून टाकतो. मधुमेह झालेल्या माणसाला, ‘आयुष्यात लाडू किती खाल्लेत ते आधी सांगा, मग विचारपूस करतो,’ असे आपण म्हणत नाही. हृदयविकाराने अंथरुणाला खिळलेल्या साहेबांना भेटावयास जाताना त्यांच्या सिगारेटींचा हिशेब मागत नाही. फळे घेऊन जातो. मग ह्याच एका रुग्णाकडे त्याच्या चारित्र्याचा दाखला का मागावा? आणि तो तपासण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

गोव्याचे डॉमिनिक डिसोझा हे नियमित रक्तदाते. १९८९ साली रक्त देण्यास गेले असता तपासणीत त्यांस लागण असल्याचे आढळले. पोलिसांनी त्यांना उचलले आणि तेव्हाच्या आरोग्य कायद्याच्या आधारे म्हापशाच्या एका जुन्या क्षयरुग्णालयात चौसष्ट दिवस एकट्याला डांबून ठेविले. ह्यात मला भेडसावते ते हे की, सर्व काही नियमाला धरून झाले. कोणा अधिकाऱ्याने कागद तयार केला, कोणी त्यावर सही केली, कोणी तो पुढे पाठविला. त्यांची आई न्यायालयात गेली; न्यायालयानेही कायदा उचलून धरला. पुढे डॉमिनिकने बाधितांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ साली त्यांचे निधन झाले. ज्यांनी त्या कागदांवर सह्या केल्या, ती दुष्ट माणसे होती असे मी मानत नाही. ती माझ्यासारखी होती. रोजच्यासारखे काम करीत होती.

तेव्हापासून कायदा पुष्कळ पुढे आला आहे, आणि आपण कायदा राबविणारी माणसे आहोत, म्हणून त्याचे चार शब्द येथे सांगणे अवश्य आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने, केवळ ही लागण आहे म्हणून काम करण्यास समर्थ असलेल्या माणसास कामावरून काढता येणार नाही, असा निर्णय दिला. सार्वजनिक उपक्रमातल्या त्या रोजंदारी कामगाराचे खरे नाव निकालपत्रात नाही. न्यायालयाने त्यास नाव झाकून दाद मागू दिली. न्याय मागणाऱ्याने तोंड लपवावे आणि अन्याय करणाऱ्याने उजळ माथ्याने फिरावे, अशी स्थिती होती हे ह्यावरून दिसते. त्यानंतर २०१७ चा एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा आला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचे घर, ह्यांपैकी कशातही भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे. समजून-उमजून दिलेल्या संमतीवाचून तपासणी करता येत नाही. बाधितांविरुद्ध द्वेष पसरविणाऱ्यास तीन महिने ते दोन वर्षे कारावासाची आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अशी माहिती असलेले कागद सांभाळणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने त्यांच्या गुप्ततेची व्यवस्था केली पाहिजे, आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत एक तक्रार अधिकारी नेमला पाहिजे. आरोग्यसंस्थेत तर वीस माणसे असली तरी.

माझ्या अधिकारी वाचकांनो, आता तुम्हालाच विचारतो. तुमच्या कचेरीत शंभर माणसे आहेत ना? मग तो तक्रार अधिकारी कोण? त्याचे नाव फलकावर आहे काय? वैद्यकीय बिले बंद लखोट्यात मागविण्याची पद्धत तुम्ही घातली आहे काय? त्यासाठी वरून मंजुरी यावी लागत नाही, अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. एक परिपत्रक आणि काही लखोटे पुरतात. २००९ साली हा कायदा नव्हता, अशी सबब मी सांगू शकतो. ती मला झोप देत नाही ही गोष्ट निराळी. तुम्हाला तीही सबब उरलेली नाही.

कोणी म्हणेल, हे सारे कचेरीत करावयाचे. त्यासाठी मंडळात व्याख्यान कशाला? त्यासाठीच. लाज ही काही विषाणूबरोबर येत नाही. ज्या गोष्टीचे नाव भली माणसे चारचौघांत घेत नाहीत ती लाजेची, असे समाज ठरवितो. रुग्णालयाच्या भिंतीवर शंभर वेळा लिहिलेला शब्द जे करू शकत नाही, ते तोच शब्द मंडळाच्या सभागृहात, समईशेजारी, बायकामुलांसमोर एकदा स्पष्ट उच्चारल्याने होते. त्या सभागृहात एखादा बाधित माणूस मागच्या खुर्चीवर बसलेला असू शकतो. आपण विषय फेटाळतो तेव्हा आपण काय ठरविले ते त्याला नेमके कळते. मुले असतात म्हणून अडते म्हणाल, तर मुलांच्या हातात आज काय काय असते ते आपण सारे जाणतो. त्यांनी हे एखाद्या जाणत्या डॉक्टरांकडून, आईवडिलांशेजारी बसून ऐकावे, ह्यात अशोभनीय काय आहे?

व्याख्यानमालेची निमंत्रणपत्रिका अद्याप छापखान्यात गेलेली नाही. सहावे व्याख्यान ‘परप्रांतीय मराठी माणूस : काल, आज आणि उद्या’ ह्या विषयावर ठेवण्याचे घाटत आहे, असे कानावर आले. त्या विषयावर गेल्या नऊ वर्षांत चार व्याख्याने झाली आहेत. मी पुढच्या बैठकीत माझा प्रस्ताव पुन्हा मांडणार आहे, आणि पडला तर त्यापुढच्याही. ज्या वाचकांच्या गावी मंडळ आहे त्यांनीही तो मांडावा. ज्यांच्या गावी नाही त्यांनी उद्या सकाळी कचेरीत गेल्यावर आपल्या टेबलावरची सर्वांत वरची वैद्यकीय फाईल उघडावी, आणि ती कशी पुढे पाठवावयाची ह्याचा दोन मिनिटे विचार करावा.